मुकादमाने सहा दिवस तोंड सांभाळलं

पुस्तकं बांधायच्या त्या लांबलचक खोलीत मुकादमाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की दोनच माणसं सुरक्षित असत. एक शिलाईवाल्या मावशी, कारण त्या मुकादमापेक्षा वयाने मोठ्या, आणि दुसरा खुद्द मुकादम. बाकीच्यांचे वाटे ठरलेले. घड्या घालणारे सगळे आंधळे. पुठ्ठे कापणारा लुळा. सरसाचं भांडं घेऊन या टोकाकडून त्या टोकाला जाणारा पांगळा. आणि टेबलाच्या कडेकडेने फिरत कागद गोळा करणारा लंब्या बहिरा, कारण तो काम करता करता गुणगुणायचा आणि पहिल्या हाकेला कधी ओ द्यायचा नाही. प्रत्यक्षात या सगळ्यांचे डोळे, हात, पाय आणि कान ठणठणीत होते. अधू काही असलंच तर ती मुकादमाची सहनशक्ती होती, पण तिला नाव ठेवायची कुणाची हिंमत नव्हती.

एवढ्यावरून मुकादम दुष्ट होता असं मात्र कुणी समजू नये. सकाळी ज्याला आंधळ्या म्हटलं त्यालाच तो दुपारी आपल्या डब्यातलं वाढायचा. कुणी आजारी पडलं तर औषध घेऊन घरी जायचा, आणि तिथेही उशाशी बसून "पांगळ्या, तीन दिवस झाले, ऊठ की आता" असंच म्हणायचा. आईबहिणीवरून तो जन्मात कधी गेला नव्हता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. आंधळा-बहिरा ही त्याच्या मते शिवी नव्हतीच, ती हाक होती.

शिवाय कामात तिचा उपयोग होता. छापून आलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. असे आठ-दहा फर्मे क्रमाने एकावर एक लावले, शिवले आणि वर पुठ्ठा चढवला की झालं पुस्तक. यात चूक एकच, पण जीवघेणी. एखादा फर्मा उलटा लागतो. पुस्तक बाहेरून अगदी साजरं दिसतं, वाचणारा बत्तीस पानं सुखाने वाचतो आणि तेहेतिसाव्या पानाला त्याला डोक्यावर उभं राहावं लागतं. आणि उलटा फर्मा कधी एकटा येत नाही. टेबलावर गठ्ठाच उलटा ठेवलेला असतो, त्यामुळे एक सापडला की त्याच्या मागे चाळीस तयार असतात. म्हणून मुकादम मधूनच एखादं पुस्तक उचलायचा, पानं फर्रकन सोडायचा आणि गडबड दिसली की "आंधळ्याऽऽ!" अशी आरोळी ठोकायचा. कोणता आंधळ्या ते कुणालाच कळायचं नाही, त्यामुळे सगळेच जागच्या जागी थांबून आपापल्या हातातलं तपासायचे. बारा माणसांची खोली त्या एका शब्दाने थांबत असे.

तर अशा या मुकादमाला त्याच्या एकुलत्या एका लेकीने रविवारी जेवताना सांगितलं, "बाबा, मी लग्न ठरवलंय."

मुकादमाचा घास हातातच राहिला. बायकोचा राहिला नाही, म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

"कोण आहे? करतो काय?"

"पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे. लोकांच्या तक्रारींचे फोन घेतो. आणि त्याला दिसत नाही."

"चष्मा असेल. हल्ली लहानपणापासूनच..."

"चष्मा नाही, बाबा. जन्मापासून काहीच दिसत नाही."

मुकादमाने घास परत ताटात ठेवला. लेक कारखान्यातच काचेच्या खोलीत बसून पत्रव्यवहार पाहायची. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर असलेल्या मुलीने एवढं सगळं ठरवलं आणि आपल्याला पत्ता नाही, याचंही त्याला वाईट वाटलं. "अगं, पण पुढे तुझं कसं होणार?" एवढंच त्याला बोलता आलं.

"माझं नीट होईल. तो तुमच्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतो. मला काळजी तुमची आहे. शनिवारी चार वाजता तो कारखान्यात येणार आहे."

"घरी आण की!"

"घरी तुम्ही शहाण्यासारखे वागता. खरे बाबा कारखान्यात असतात, आणि त्याला खऱ्या बाबांना भेटायचंय." लेकीने ताट बाजूला सारलं. तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट लक्षण होतं. "आंधळा, बहिरा, लुळा, पांगळा. यातला एकही शब्द, कुणालाही, अगदी थट्टेतही तुमच्या तोंडून निघाला, तर मी त्याचा हात धरून तिथून उठेन. आणि लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून तुमची सही घेणार नाही. मावशी करतील."

"अगं, त्याला थोडंच म्हणणार आहे मी? मी लंब्याला म्हणतो. लंब्याला काही वाटत नाही."

"लंब्याला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

"आणि हे 'लंब्या'?" बायकोने मधेच काडी टाकली. "तेही अंगावरच जातं की, अहो."

"ते माप आहे," मुकादम म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

त्याला वाटलं होतं, सहा दिवस तर आहेत, त्यात काय एवढं! सोमवारी साडेनऊला पहिली तिरकी घडी दिसली. मुकादमाने तोंड उघडलं, शब्द जिभेच्या टोकावर येऊन थांबला, आणि बाहेर आला तो खोकला. मग तो म्हणाला, "जरा इकडे लक्ष द्याल का?" घडी घालणाऱ्याने मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कुणी साहेब येऊन उभे आहेत की काय. दुपारपर्यंत सगळ्यांचं धाबं दणाणलं. कारखाना विकायला काढलाय, असं एकाचं म्हणणं पडलं. पुठ्ठे कापणाऱ्याने मावशींना बाजूला घेऊन विचारलं, "मुकादमांना डॉक्टरांनी काही सांगितलंय का हो? सकाळपासून मला 'भाऊ' म्हणतायत."

मंगळवारी मुकादमाने नवी हत्यारं पाजळली. शिवी द्यायची, पण माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, असा त्याचा बेत. रात्री बायकोसमोर बसून त्याने यादीच केली होती. "ओल्या पुठ्ठ्या!" तो सरसवाल्यावर ओरडला. "अरे सुटलेल्या टाक्या! चुरगळलेल्या रद्दी!" यात दम नव्हता हे त्यालाही कळत होतं. सरसवाला आधी बावरला आणि मग असा हसत सुटला की भांडंच सांडायची वेळ आली. दिवसभर सगळे एकमेकांना ओला पुठ्ठा म्हणत होते आणि काम होतं तिथेच होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तो लंब्याच्या शेजारी जाऊन बसला. लेकीचा प्रश्न त्याच्या डोक्यातून जात नव्हता, आणि उत्तर काय येणार याची त्याला खात्रीही होती.

"काय रे, मी तुला बहिऱ्या म्हणतो, त्याचा तुला कधी राग आला का?"

लंब्याने डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "माझी आई बहिरी आहे, मुकादम."

"काय सांगतोस! अकरा वर्षांत बोलला नाहीस कधी?"

"तुम्ही हाक मारायचात, मी ओ द्यायचो. पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, ते राहिलं. मग मधेच कसं सांगणार?" लंब्याने डबा बाजूला सारला. "तिला ओठ वाचता येतात. एकदा माझा डबा घरी राहिला म्हणून ती घेऊन आली होती. तिकडे दारात उभी होती, आणि तुम्ही या टोकावरून मला हाक मारलीत. तिने वाचली. संध्याकाळी मला विचारते, तुलाही ऐकू येईनासं झालंय का रे बाळा?"

"मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, थोडंथोडं."

मुकादमाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. लंब्याची आई त्याला चांगली आठवत होती. दारात उभी राहून हसली होती, आणि त्याने हात हलवून 'या की आत' म्हटलं होतं. एका म्हातारीच्या मनात आपण ही धास्ती घालून ठेवली आणि वर त्याला हाक म्हणत राहिलो, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली. गुरुवारी आणि शुक्रवारी तो फारसा बोललाच नाही. लोकांना आता खात्री पटली की डॉक्टरांनीच काहीतरी सांगितलंय.

शनिवारी चारला पाहुणा आला. अंगाने भरलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात घडीची काठी, आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी विनोद सांगितल्यासारखं हसू. लेक त्याच्या बरोबरीने चालत होती, पुढे नाही आणि मागे नाही. मुकादमाची बायकोही मुद्दाम आली होती, पुढचा तमाशा चुकू नये म्हणून.

आणि तमाशा झालाच. पाहुण्याला दिसत नाही हे सांगून मुकादमाने त्या सकाळीच सगळ्यांना इतका दम भरला होता की पाहुण्यासमोर डोळ्यांशी संबंध असलेला एकही शब्द काढायची सोय उरली नव्हती. "या, बघा आमचा," एवढं बोलून बायकोने जीभ चावली. "म्हणजे, या." पुठ्ठे कापणारा पुढे झाला. "तुम्हाला भेटून... म्हणजे ऐकून... फार बरं वाटलं."

"मला बघून बरं वाटलं म्हणा की," पाहुणा म्हणाला. "मी दिसायला वाईट नाही, अशी माझी माहिती आहे."

मावशी खळखळून हसल्या आणि खोली जरा सैल झाली. पाहुण्याने कागदांवरून हात फिरवला, सरसाच्या वासाने नाक मुरडलं, मावशींची सुई किती लांब ते विचारलं. मग काचेच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून तो आपल्या कचेरीतल्या गमती सांगू लागला. "दिवसातून दहा वेळा ऐकतो मी. आंधळे आहात का, रस्त्यावर पाणी वाहतंय! मी म्हणतो, हो, आहे, पत्ता सांगा. मग पलीकडे जी शांतता पसरते ना, ती ऐकण्यासारखी असते."

सगळ्यात मोठ्याने मुकादम हसला. हा पोरगा त्याला आवडायला लागला होता. "मग हा शब्द टाकायचाच म्हणता ना?" त्याने विचारलं. "ही म्हणते टाका. मी सहा दिवस टाकलाय."

"मला म्हणा की! मी आहेच आंधळा. कागदोपत्री दुसरे लांबलचक शब्द लिहितात, पण स्वतःशी मी हाच वापरतो. मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. समजा, इथे कुणी आळशीपणा केला, घाईत काहीतरी वेडंवाकडं लावलं, तर तुम्ही त्याला आंधळा म्हणणार. म्हणजे काम बिघडवलं त्याने आणि नाव माझं लागलं. आणि त्याची तेवढीच सुटका. आंधळा म्हटल्यावर बिचारा काय करणार! डोळे असून ज्याने बघितलं नाही, त्याला इतक्या स्वस्तात सोडू नका, काका."

मुकादमाने या बाजूने कधी विचारच केला नव्हता. हे पटण्यासारखं आहे असं वाटत असतानाच त्याच्या हाताने सवयीने एक तयार पुस्तक उचललं. 'पोहायला शिका' नावाचं, शाळांसाठीचं. पानं फर्रकन सोडली आणि मधेच बोट घातलं. तेहेतिसाव्या पानावर पोहणारा माणूस पाण्यातून पाय वर करून फळीवर उडी मारत होता.

त्याने वर पाहिलं. लंब्या गुणगुणत फर्मे उचलत होता, उलट्या गठ्ठ्यातून, एकामागून एक. मावशी भराभर शिवत होत्या. "अहो, जरा लक्ष द्याल का?" मुकादम म्हणाला. कुणी मान वर केली नाही. या वाक्याची आता सगळ्यांना सवय झाली होती. "मी काय म्हणतो, तिकडचा गठ्ठा जरा..." पुस्तकांवर पुस्तकं चढत होती. मुकादमाचे कान लाल झाले, गळ्याच्या शिरा फुगल्या. तो शब्द घशात येऊन नुसता धडका देत होता. लेक काचेच्या खोलीच्या दाराशी उभी राहून त्याच्याकडे टक लावून पाहत होती, आणि तिचा हात पाहुण्याच्या खांद्यावर होता, उठायच्या तयारीत.

"थांबा!" मुकादम ओरडला.

खोली थांबली. सगळ्यांनी आपापल्या हातातलं तपासलं. लंब्याने कपाळावर हात मारला आणि गठ्ठा फिरवला. तीस वर्षांत हा साधा शब्द मुकादमाला सुचला नव्हता, आणि तो त्या दुसऱ्यापेक्षा काडीभरही कमी पडला नाही.

मग काय! मुकादमाला आकाश ठेंगणं झालं. त्याने लेकीकडे पाहिलं, ती हसत होती, डोळे भरून आले होते तिचे. लेकीच्या कागदावर आपलीच सही होणार या आनंदात तो पाहुण्यासमोर जाऊन उभा राहिला आणि छाती पुढे काढून म्हणाला, "पाहिलंत? एकदाही गेला नाही तोंडून! आणि खरं सांगू का, मी कितीही बडबड्या असलो, तरी खरोखर ज्याला दिसत नाही अशा माणसाला मी आयुष्यात कधी दुखावलेलं नाही."

लेकीचं हसू मावळलं.

"एकदा, काका," पाहुणा म्हणाला.

"राहू दे ना," लेक हळूच म्हणाली.

"नको, विषय निघालाय तर सांगतो. मागच्या उन्हाळ्यात कारखान्यासमोरची मोठी पाइपलाइन फुटली होती. पाणी आत शिरत होतं. तुम्ही फोन केलात. आंधळे आहात का, रस्त्याचं तळं झालंय, दिसत नाही? मी म्हटलं, साहेब, खरंच दिसत नाही, पाणी कुठल्या बाजूने येतंय तेवढं सांगा. तुम्हाला वाटलं मी टिंगल करतोय. तुम्ही म्हणालात, असल्या आंधळ्याला खुर्चीत बसवलं कोणी? आणि फोन आपटलात."

मुकादमाला सगळं आठवलं. घोट्यापर्यंत पाणी, खालचे भिजणारे गठ्ठे, आणि पलीकडचा तो शांत आवाज. उलट त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने बायकोला मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं, कसा झापला एकाला. बायको आता जमिनीकडे पाहत होती.

"पहिलं वाक्य मी रोज ऐकतो," पाहुणा म्हणाला. अजूनही त्याच्या आवाजात राग नव्हता. "ते मी कचेरीतच ठेवून निघतो. दुसरं मात्र घरी घेऊन गेलो. बरेच दिवस होतं घरात."

"दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले होते," लेक म्हणाली. "तुमच्या वतीने. दहा मिनिटांत येते म्हणून सांगून."

"तू टपाल टाकायला गेली होतीस."

"टपाल टाकायला दोन तास लागतात का, बाबा?"

एवढे सहा दिवस मुकादमाने जीव मुठीत धरून काढले, शनिवारी शब्द सुटू नये म्हणून, आणि तो सुटून वर्ष झालं होतं. लेकीला माहीत होतं, पाहुण्याला माहीत होतं, आणि तरी तो इस्त्रीचा शर्ट घालून खऱ्या बाबांना भेटायला आला होता. मुकादमाला वाटलं, पुठ्ठ्यांच्या ढिगामागे जाऊन लपावं. पण तो लपला नाही.

"चुकलो," तो म्हणाला. हळू बोलायची सवयच नसल्याने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. तीस वर्षांत हा शब्द त्या खोलीत त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. "मी फार चुकलो रे पोरा. तुमची... तुझी..."

"तूच म्हणा. आणि माफी पोचली. हिने मागितली ती हिची होती, तुमची आज मिळाली." पाहुण्याने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "पण माझं एक राहिलंय, काका. तुम्ही मला प्रश्न विचारला होतात आणि उत्तर द्यायच्या आत फोन ठेवलात."

"कोणता प्रश्न?" मुकादमाने विचारलं, पण त्याला कळला होता.

"खुर्चीत बसवलं कोणी."

मावशींची सुई अर्ध्या टाक्यात थांबली होती. मुकादमाने एक खोकं ओढलं आणि तो पाहुण्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, जाऊन बसला.

"सांग," तो म्हणाला. "मी इथेच आहे."

"परीक्षेला एकशे चाळीस जण बसले होते. मी तिसरा आलो," पाहुण्याने सुरुवात केली. "पहिल्या दहाजणांना घेतलं, त्यातल्या नऊजणांना दुसऱ्याच दिवशी जागा मिळाली. मला म्हणाले, बाहेर बाकावर बसा, बोलावतो. मी बसलो. रोज साडेनऊला जायचो, साडेपाचला उठायचो. सात महिने. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांवरून मी सगळी कचेरी ओळखायला लागलो. आत फोन वाजत राहायचा, कुणी उचलायचं नाही. एक दिवस तो असा वाजत राहिला, आणि मी बाकावरून उठलो आणि आवाजाच्या दिशेने आत चालू लागलो."

मुकादमाने कपाळावरचा घाम पुसला.

"मग?" त्याने विचारलं, इतक्या हळू की शेजारी उभ्या असलेल्या लेकीलाही ते जेमतेम ऐकू आलं.